मदत हवी आहे : रसेल वर की चेंबरलेन? क्रमवारी अडली आहे

नमस्कार मंडळी,

एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आजवरच्या दहा सर्वोत्तम खेळाडूंची यादी करतोय. जॉर्डन, लेब्रॉन, करीम यांचं माझ्यापुरतं ठरलंय. गाडी अडली आहे ती बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांच्यापाशी. तीनदा यादी खोडली.

१९६१-६२चा हंगाम बघा. चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू). एका सामन्यात १०० गुण, तेही त्याच हंगामात. आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, कोण? रसेल! तेव्हा मतं पत्रकारांची नसायची, खेळाडूंची असायची. म्हणजे जे या दोघांच्या अंगावर खेळत होते, त्यांनीच रसेलला निवडलं. हे मला सहज बाजूला सारता येत नाही.

रसेलची १३ हंगामांत ११ विजेतेपदं. पण नुसती विजेतेपदं मोजायची तर रॉबर्ट हॉरीकडे ७ आहेत आणि जॉर्डनकडे ६, म्हणून हॉरीला कोणी वर ठेवत नाही. शिवाय बोस्टन सेल्टिक्स संघात रसेलच्या जोडीला कूझी, सॅम जोन्स, हॅवलिचेक होते आणि लीगमध्ये संघ जेमतेम आठ-नऊ, पुढे वाढले तरी चौदाच.

बरं, रसेलचं खरं बलस्थान बचाव. ब्लॉक केलेला (बास्केटकडे जाताना अडवलेला) चेंडू बाहेर न भिरकावता तो आपल्याच माणसाकडे वळवायचा. पण ब्लॉक आणि स्टीलची (चेंडू हिसकावण्याची) अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ला, तोवर दोघंही निवृत्त. फायनल्सचा (अंतिम मालिकेचा) एमव्हीपी पुरस्कार १९६९ला सुरू झाला, रसेलच्या शेवटच्या वर्षी, आणि तो मिळाला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. आज त्या पुरस्काराला रसेलचं नाव आहे, पण त्याच्या खात्यावर तो एकदाही नाही.

ज्याची नोंदच नाही, त्याला गुण कसे द्यायचे? तुम्ही काय करता, कृपया सांगा.

प्रतिसाद १

आकडा नसेल तेव्हा मी संघाकडे बघतो. रसेल येण्याआधी सेल्टिक्सचं एकही विजेतेपद नव्हतं. तो गेला आणि १९६९-७०ला ते प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीलासुद्धा पोचले नाहीत. एक माणूस काढल्यावर एवढा फरक पडतो, हाच त्याच्या बचावाचा हिशोब समजा.

मात्र चेंबरलेनला ५०.४वरून तोलू नका. त्याचा १९६६-६७चा हंगाम घ्या. गुण २४.१वर आले, असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) ७.८वर गेले, संघ ६८ सामने जिंकला, १३ हरला. सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची मालिका त्याच वर्षी चेंबरलेनच्या संघाने तोडली. माझ्या मते तो चेंबरलेन रसेलच्या तोडीस तोड आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. ६६-६७कडे मी विजेतेपदाचं वर्ष एवढ्यापुरतंच बघत होतो, असिस्टचा विचारच केला नव्हता. संघाचा आधी-नंतरचा हिशोब इतर खेळाडूंनाही लावून बघतो. त्यातून एक नवी अडचण मात्र दिसते आहे : रसेल गेला त्याच हंगामाअखेर सेल्टिक्सचा सॅम जोन्सही निवृत्त झाला होता. मग त्या घसरणीतला रसेलचा वाटा किती धरायचा? तो वेगळा काढायची कोणाकडे काही रीत असेल तर जरूर लिहा. तोवर रसेल चौथा, चेंबरलेन पाचवा, पेन्सिलीने.