हॅचरीतली सॅमनची पिल्लं नदीत सोडून खरंच उपयोग होतो का?

नदीकाठ:
परवा एका व्हिडिओत बादल्या भरभरून बोटाएवढी सॅमनची पिल्लं नदीत सोडताना बघितली, लोक टाळ्या वाजवत होते, मलाही भारी वाटलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच, यातली जगतात किती? आणि हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात त्या केंद्रात, इतकी जगवता येतात तर मग नद्यांमधले सॅमन कमी का होतायत?

खवले:
अंड्यातून पिल्लू निघेपर्यंत हॅचरी नदीच्या कितीतरी पुढे असते, तिथे बहुतेक सगळी वाचतात. खरा घोळ सोडल्यावर सुरू होतो. टाकीवर सावली पडली की हॅचरीतलं पिल्लू वर झेपावतं, कारण जन्मापासून खाणं वरूनच पडलंय. नदीत तीच सावली बगळ्याची असते, नदीत वाढलेलं पिल्लू अशा वेळी दगडाखाली घुसतं. पाठीवरचा पर बघा कधी, गर्दीत एकमेकांना चावून आणि टाकीला घासून पार झिजलेला असतो. त्यात समुद्राकडे निघायच्या वयात सॅमन आपल्या नदीचा वास लक्षात ठेवतो, ट्रकने भलतीकडे नेऊन सोडलं तर अंडी घालायला समुद्रातून परतताना भलत्याच नदीत शिरतो.

तळाचा_गाळ:
जगली तरी प्रश्न संपत नाही हो. अमेरिकेत ओरेगॉनच्या हूड नदीत स्टीलहेडवर (सॅमनचाच नातलग) अभ्यास झाला, 2007 मध्ये छापून आला. बंदिस्त वाढलेल्या दर पिढीमागे नदीत पुढची पिल्लं देण्याची क्षमता साधारण 40 टक्क्यांनी घटत होती. वेल्सने तर 2014 मध्ये सॅमन सोडणं बंद करायचंच ठरवलं. माझं स्पष्ट मत आहे, बंधारे आडवे आहेत आणि अंडी घालायच्या खडीत गाळ भरलाय तोवर पिल्लं ओतणं म्हणजे भोकाच्या भांड्यात पाणी भरणं.

उलटा_प्रवाह:
भांडंच कोरडं असेल तर? युरोपातल्या ऱ्हाईन नदीतून सॅमन पूर्ण गेला होता, 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून नदीत विष गेलं, मग देशांनी मिळून पाणी सुधारलं, माशांना वर जायला वाटा काढल्या आणि पिल्लंही सोडली, तेव्हा कुठे मासे परत यायला लागले. अमेरिकेत आयडाहोच्या रेडफिश तलावात 1992 ला सॉकाय जातीच्या सॅमनचा एकच नर परतला होता, एकच! तिथे हॅचरी नसती तर तो वंश तिथेच संपला असता.

नदीकाठ:
म्हणजे मासे आधीच आहेत तिथे नदी दुरुस्त करायची, संपलेत तिथे दोन्ही. पिल्लांऐवजी अंडीच खडीत पुरली तर?

खवले:
करतात तसं, अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसायला लागले की खडीत ठेवतात. निदान पिल्लू पहिल्या दिवसापासून नदीतच वाढतं, बगळाही लवकर कळतो. फक्त खडी स्वच्छ हवी, नाहीतर अंडी गाळात गुदमरतात.