अनुभव धागा: उतरणीला लागलेल्या कंपनीतली डेटा सायन्स टीम

ग्राहक घटताहेत, दर तिमाहीला कपातीची कुजबुज, आणि टीमकडे मागणी एकच: 'डेटातून काहीतरी काढा.' अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी लिहा. रडगाणी नकोत, उद्या ऑफिसात उपयोगी पडेल ते सांगा.

प्रॉडक्ट ॲनालिटिक्स, बाणेर
आधी सरासरीवरचा भरवसा सोडा. १०० ग्राहकांपैकी ८० जण महिन्याला १०० रुपये देतात, २० जण ५००. सरासरी १८०. पहिल्या गटातले ५० निघून गेले की सरासरी २६० होते आणि मीटिंग खूश! एकूण रक्कम मात्र १८,००० वरून १३,००० वर आलेली असते. म्हणून सरासरीशेजारी एकूण रक्कम आणि ग्राहकसंख्या दाखवायचीच. गळती बघताना ग्राहक कोणत्या महिन्यात आले त्यानुसार त्यांचे गट पाडा. आणि 'ॲक्टिव्ह' ग्राहक कुणाला म्हणायचं ही व्याख्या सैल करायचा प्रस्ताव येतोच. तेव्हा जुनी व्याख्या निदान दोन तिमाही सोबत चालू ठेवा.

एक्सपेरिमेंटेशन, बंगळुरू
ट्रॅफिक आटलं की ए/बी टेस्ट (लोकांचे दोन गट करून जुनं-नवं ताडून बघणं) आधी मरतात. ढोबळ हिशेब: प्रत्येक गटाला लागणारी माणसं म्हणजे १६ × दर × (१ − दर) ÷ फरकाचा वर्ग (५ टक्के दर म्हणजे ०.०५ धरा). खरेदीचा दर ५ टक्क्यांवरून ५.५ झालेला पकडायचा तर गटाला ३०,४००, दोन्ही मिळून ६०,८००. आठवड्याला २०,००० लोक येत होते तेव्हा तीन आठवडे पुरायचे. ८,००० वर आले की जवळजवळ आठ. तेवढ्यात किंमत बदलते, जाहिरात बंद होते, मॅनेजरही बदलतो. मग रोज निकाल उघडून 'आज सिग्निफिकंट (फरक योगायोगाचा नाही असं) दिसतंय' म्हणत टेस्ट थांबवतात. ते निकाल कचऱ्यात टाका.

बटणाचे रंग सोडून मोठे बदल तपासा. एक टक्का-बिंदूचा फरक (५ वरून ६ टक्के) शोधायला दोन्ही गट मिळून १५,२०० पुरतात. दुसरा उपाय क्यूपेड, म्हणजे ग्राहकाची टेस्टच्या आधीची वागणूक हिशेबात धरून निकालातला गोंगाट कमी करणं: तिच्याशी सहसंबंध ०.७ असेल तर व्हेरियन्स (आकड्यांची चढउतार) निम्म्यावर येतो. नव्या ग्राहकांना मागचा इतिहासच नसतो, तिथे याचा उपयोग शून्य.

चर्न मॉडेल (कोणता ग्राहक सोडून जाईल याचा अंदाज)
अचूकता ९५ टक्के दिसली की आधी फीचर्स (मॉडेलला दिलेली माहिती) तपासा. 'कॅन्सल पेज उघडलं' हे फीचर आत असतं, म्हणजे उत्तरच पेपरात. एक तारीख ठरवा, फीचर्स फक्त तिच्या आधीची घ्या आणि चाचणी पुढच्या महिन्यांवर करा. सगळे महिने मिसळून केलेला रँडम स्प्लिट नको. चांगल्या वर्षांवर शिकलेलं मॉडेल कोण आधी जाईल हा क्रम बऱ्यापैकी लावतं, पण जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा कमी सांगतं. बजेट त्या शक्यतेवर ठरतं, तेव्हा ताज्या तिमाहीवर कॅलिब्रेट करा (शक्यता खऱ्या आकड्यांशी जुळवा). यादी मार्केटिंगला देताना १० टक्के लोक रँडम बाजूला काढा, त्यांना ऑफर पाठवू नका. नाहीतर मेलमुळे किती टिकले हे कळायचं नाही. सबस्क्रिप्शन विसरलेला माणूस मेल बघून जागा होतो आणि कॅन्सल करतो, तेही यातच दिसतं.

डेटा इंजिनिअर, हिंजवडी
माणूस गेला, अकाउंट बंद झालं आणि रात्रीचे जॉब पडले: हे टाळायचं तर शेड्यूल केलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या टोकनवर (लॉगिनच्या किल्लीवर) चालते त्याची यादी आजच करा आणि सर्व्हिस अकाउंटवर, म्हणजे कुणा माणसाच्या नावावर नसलेल्या खात्यावर, हलवा. खर्चकपात तुमच्याकडे येणारच. स्नोफ्लेकमध्ये (क्लाउडवरचा डेटाबेस) ऑटो-सस्पेंड, म्हणजे काम नसताना यंत्र आपोआप थांबण्याची वेळ, बहुधा ६०० सेकंदांवर असतं, ते ६० करा. बिगक्वेरीत (गूगलचा तसाच डेटाबेस) क्लस्टर न केलेल्या (ठरावीक कॉलमनुसार न रचलेल्या) टेबलवर 'लिमिट १०' (फक्त दहा ओळी दाखव) लिहून बिल कमी होत नाही, तेवढाच डेटा वाचला जातो. टेबल तारखेनुसार विभागलेलं असेल तर क्वेरीत त्या पार्टिशनची तारीख घाला.

न्यू जर्सी
एच-१बी (अमेरिकेतला कामाचा व्हिसा) असेल तर नोकरी संपल्यावर तिथे राहायला ६० दिवस किंवा आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ची मुदत, जे आधी संपेल ते. सेव्हरन्स (नोकरी गेल्यावर कंपनी देते ते पैसे) मिळत राहिला म्हणून ही मुदत वाढत नाही. कोड, डेटा घरी न्यायचा नाही. पे-स्लिप आणि व्हिसाची कागदपत्रं मात्र लॅपटॉप बंद व्हायच्या आत उतरवून घ्या. शेअरचे ऑप्शन (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) असतील तर नोकरी सुटल्यावर ते वापरायची मुदत करारात वाचा, बहुतेकदा ९० दिवसच असतात.