तांबट आळीतून जायची लाज वाटायला लागलीये, काय करू?

फोकसमध्ये_नाही
नमस्कार मंडळी, थोडं लांबणारे, सांभाळून घ्या. सहा-सात वर्षं झाली पुण्याच्या पेठांमधनं कॅमेरा घेऊन फिरतोय. नोकरी हिंजवडीत त्यामुळे रविवार हाच काय तो, सकाळी मंडई, मग बोहरी आळी, अंगात त्राण असलं तर जुना बाजार. हार्डडिस्कवर चाळीसेक हजार फोटो असतील आणि लोकांना दाखवलेले किती तर अकरा. बाकी सगळ्यांत काहीतरी खोट. वायर आली, फ्रेम तिरकी झाली, मागं फ्लेक्सवर कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस.

आता झालंय असं की कसब्यात तांबट आळीत एक काका मठारकाम करत बसतात, तांब्याच्या भांड्यावर ते एकसारखे ठोके पाडतात ना, ते. जूनमध्ये पालखी यायच्या आधी त्यांचे फोटो काढले, म्हणले "मला एक दे बरं का", म्हणलं देतो की. घरी येऊन बघतो तर एकात हात आणि हातोडी हललेली, दुसऱ्यात सगळं शार्प पण भिंतीवरची जुनी तसबीर बरोब्बर काकांच्या डोक्यातून उगवल्यासारखी आणि तिच्या काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो पट्टा घालवत बसलो, चार वेळा एडिट केला, एकही पटेना. गणपती गेले, दिवाळी गेली, फोटो दिलेला नाही. हल्ली मी लांबून वळसा घालून जातो, काका दिसायला नकोत म्हणून!! बायको म्हणते डोक्यावर पडलायस. कुणाचं असं झालंय का? 'रिलॅक्स व्हा' सोडून काहीही सांगा.

पस्तीस_एमएम
झालंय. माझं निम्मं दुखणं त्या मागच्या स्क्रीनमध्ये होतं. फोटो काढला की मान खाली, झूम करून डोळा शार्प आलाय का बघायचं, तेवढ्यात समोरचं सगळं संपलेलं. महिनाभर स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावून फिरलो. आणि झोन फोकस करून बघ: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) ३५ एमएम लेन्स, एफ ८ (म्हणजे लेन्सचं भोक बऱ्यापैकी लहान), फोकस मॅन्युअल करून ३ मीटरला ठेवून द्यायचा, साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं चालण्याइतपत शार्प येतं. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ द्यायचं नाही, आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळायचा ते) ऑटोवर. मंडईत आत अंधार असतो, जातो ६४०० ला, जाऊ दे. ग्रेन, म्हणजे फोटोतले ते दाणे, फक्त आपल्यालाच दिसतो, लिंबं विकणाऱ्या मावशींना नाही दिसत.

रीळवाले_आजोबा
आमच्याकडे रोलमध्ये ३६ फोटो असत आणि धुऊन येईपर्यंत आपण काय दिवे लावलेत ते कळायचं नाही. त्यामुळे हे असले शौक परवडायचे नाहीत. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ चा तो डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो बघा. क्रॉप करू नये म्हणणारा माणूस तो, पण कुंपणाच्या फटीतून काढला म्हणून हा त्यालाही कापावा लागला, आणि उडी मारणारा माणूस हललेलाच आहे. दुसरा तो अमेरिकेचा रस्त्यावरचे फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड, १९८४ मध्ये गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल धुवायचेच राहिले होते. तुमच्या हार्डडिस्कची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे. (शुद्धलेखन तपासलेले नाही, घाई होती.)

लग्नसराई
मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. हल्ली जो तो हललेला फोटो टाकतो आणि खाली लिहितो 'मूड'. हात मुद्दाम हलू देणं वेगळं आणि १/३० वर शटर राहिलं म्हणून हललं ते वेगळं. मी लग्नं करतो, सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही, तिथं नीट आलंच पाहिजे. पण अल्बम कबूल केलेल्या तारखेला जातो म्हणजे जातो. तुला कुणी तारीख दिलेली नाही, हा खरा लोच्या आहे. बुधवारी प्रिंट काढायच्या, रविवारी द्यायच्या, संपलं.

पावसाळी_पाकोळी
अहो दोन्ही प्रिंट काढा ना! चहा-क्रीमरोलच्या पैशात होतं. मी जुन्या बाजारात कुलपं विकणाऱ्या एका मामांना दिला होता, त्यांनी फोटोत आधी काय बघितलं तर मागं उभा असलेला शेजारच्या गाळ्यावरचा पोरगा, "हा बघा पैसे बुडवून पळाला तो"!

फोकसमध्ये_नाही
अपडेट. लग्नसराई म्हणाले तसं बुधवारी टाकले, दोन्ही ४ बाय ६. पट्टा आहे तसा ठेवला, म्हणजे पाचव्यांदा एडिट करायला घेतलं होतं, बायकोनी लॅपटॉप मिटला.

रविवारी गेलो. काकांनी ओळखलंच नाही आधी, मी सहा महिने उगाच वळसे घालत होतो. मला मनातून वाटत होतं ते हातोडी हललेला घेतील, कारण खरं सांगायचं तर आता मलाच तो आवडायला लागलाय. त्यांनी हात पुसले, दोन्ही उन्हात धरून बघितले आणि तसबीरवाला उचलला. म्हणले "ह्यात आमचे वडील आलेत". तसबीर वडलांची होती. मी सहा महिने त्यांनाच फोटोतून घालवायला बघत होतो.

हललेला परत दिला मला. वर म्हणले ह्याची अजून एक कॉपी आण, बहिणीला सासवडला पाठवायचीय, पण जरा मोठी काढ, आणि ते पांढरं काय आलंय काचेवर ते काढता येतं का बघ.