वेब आणि डेटाबेस एकाच मशीनवर : काटकसर की आगीशी खेळ?

रात्रपाळी : ओळखीतल्या एका पुस्तकविक्रेत्यांची दिवाळी अंकांच्या ऑर्डरींची साइट मी सांभाळतो. क्लाउडवर १ जीबी रॅमचं एक मशीन, उबुंटू लिनक्स, त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, साइट चालवणारं पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. सगळा संसार एकाच खोलीत. परवा एका मित्राने ते पाहून कपाळाला हात लावला. म्हणे डेटाबेस वेगळ्या मशीनवर हवा, नाहीतर सरळ मॅनेज्ड सेवा घे, म्हणजे डेटाबेस क्लाउड कंपनीच सांभाळेल.

मला हे पटत नाही. दिवसाला पन्नास-साठ ऑर्डरींसाठी दोन मशीन म्हणजे दोन माणसांच्या घरात तीन चुली. बिल वाढणार, अपडेटची कामं दुप्पट, शिवाय प्रत्येक क्वेरी नेटवर्कवरून जाणार. आत्ता माझा डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्यांचंच, ऐकतो. ३३०६ पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचं नेटवर्कवरचं दार, बाहेर उघडायचा प्रश्नच नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट बोला.

जुना_सिसअ‍ॅडमिन : १ जीबीवर मायएसक्यूएल ८? ऑक्टोबरात भेटू.

रात्रपाळी : कारणासकट म्हटलं होतं, काका.

जुना_सिसअ‍ॅडमिन : बरं, घ्या. मायएसक्यूएल ८ नुसतं बसून साडेतीनशे-चारशे एमबी खातं. पीएचपीची एकेक प्रोसेस पन्नासच्या आसपास धरा. उबुंटूवर पीएचपी-एफपीएमचं मॅक्स चिल्ड्रेन, म्हणजे एकावेळी किती प्रोसेस चालतील तो आकडा, मुळात ५ असतं. गर्दी झाली की लोक घाबरून ते ३० करतात. ३० गुणिले ५० म्हणजे दीड जीबी. आणायची कुठून? मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात जाडजूड प्रोसेस शोधून मारतो, आणि ती बहुतेक वेळा मायएसक्यूएलच निघते. म्हणजे गुन्हा पीएचपीचा, फाशी डेटाबेसला. वेगळं मशीन असतं तर साइट मंदावली असती, पण डेटाबेसच्या केसालाही धक्का लागला नसता.

रात्रपाळी : ३० चा आकडा बरोबर ओळखलात. गेल्या वर्षी रात्री अकराला हेच झालं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, पुढे मायएसक्यूएलडी, म्हणजे डेटाबेसचीच प्रोसेस. सेवा चालू ठेवणारं सिस्टमडी त्याला उठवायचं, दोन मिनिटांत तो पुन्हा आडवा. स्वॅप (रॅम संपली की डिस्कवर वापरायची जागा) शून्य होता, बऱ्याच क्लाउड इमेजवर तो नसतोच. २ जीबीची स्वॅप फाइल टाकली, मॅक्स चिल्ड्रेन ६ वर आणलं. तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. हे दुसरं मशीन न घेताच सुटलं, हेही लिहून ठेवा.

कोकणी_पेंग्विन : स्वॅपवर डेटाबेस म्हणजे बैलगाडीला इंजिन. पण माझा खरा आक्षेप १२७.०.०.१ च्या फुशारकीला. उद्या हौसेने मायएसक्यूएल डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, घालाल आणि पोर्टच्या ओळीत ‘३३०६:३३०६’ लिहाल. डॉकर तो पोर्ट सगळ्या इंटरफेसवर उघडतो, आणि त्याचे नियम यूएफडब्ल्यूला, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलला, वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यू स्टेटस मात्र ऐटीत पोर्ट ‘बंद’ असल्याचं दाखवत राहतं. मी स्वतः फसलोय.

रात्रपाळी : मी डॉकर वापरतच नाही. आणि क्लाउडचा फायरवॉल मशीनच्या बाहेर असतो, तिथे ३३०६ उघडला नाही तर डॉकरचं काही चालत नाही.

तिसरी_घंटा : मशीन एक की दोन यावर तलवारी कसल्या काढताय? बॅकअप कुठे जातो ते सांगा. मॅनेज्ड सेवेचे पैसे मी आनंदाने भरते ते एवढ्यासाठीच. कुणी व्हेअरची अट न लावता डिलीट चालवून सगळ्या नोंदी पुसल्या तर त्याच्या आदल्या मिनिटापर्यंत मागे जाता येतं. तुमच्या क्रॉनमधला, ठरल्या वेळी आपोआप निघणारा रात्रीचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, दिवसभराच्या ऑर्डरी गिळणार. त्यात तो डंप त्याच डिस्कवर पडत असेल तर बोलायलाच नको.

रात्रपाळी : त्याच डिस्कवर पडत होता. कबूल. आता दर तासाला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ (सगळी प्रत एकाच क्षणाची यावी म्हणून) लावून डंप घेतो आणि बाहेरच्या स्टोरेजवर पाठवतो. साठ ऑर्डरींच्या दिवसात तासाभराच्या म्हणजे चार-पाच. तेवढ्या फोन करून पुन्हा मागता येतील.

तिसरी_घंटा : तो डंप परत लावून पाहिलात का कधी?

रात्रपाळी : तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री रिकाम्या मशीनवर लावला. ऑर्डरी आल्या, गिऱ्हाइकं आली, हिशोब जुळला. अंकांची मुखपृष्ठं मात्र एकही नाही. ती अपलोडच्या फोल्डरमध्ये होती, डंपमध्ये येतील कशी?

जुना_सिसअ‍ॅडमिन : ऑक्टोबरला अजून वेळ आहे.