दुर्खीमचं 'सुइसाइड' : कुठली आवृत्ती घेऊ? (बजेट 500)

मृद्गंध: एम.ए. समाजशास्त्र, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या या पुस्तकावर वीस मिनिटांचा सेमिनार आहे. कुठला अनुवाद घेऊ आणि त्यातलं नेमकं काय वाचू? पाचशेच्या आत बसवायचंय. इंग्रजी चालेल.

जुनापुराणा: स्पॉल्डिंग-सिम्पसन यांचा अनुवाद, 1951. बहुतेक जुने लेख त्याचेच पान क्रमांक देतात. सोबत स्टीव्हन ल्यूक्सचं दुर्खीम-चरित्र घे.

पानपान: पाचशेत?? पेंग्विनचा रॉबिन बसचा अनुवाद (2006) घ्या, भाषा सोपी आहे. पहिला भाग नुसता चाळा. वेड, वंश, हवामान, अनुकरण ही कारणं दुर्खीम तिथे एकेक करून निकालात काढतो. खरा माल दुसऱ्या भागात, आत्महत्येचे प्रकार. प्रकरण 2-3 इगोइस्टिक, 4 अल्ट्रुइस्टिक, 5 अनॉमिक.

जुनापुराणा: आणि फॅटलिस्टिक? ते पाचव्या प्रकरणाच्या शेवटी एका तळटीपेत उरकलंय. फळ्यावर दोन रेघा मार. एकात्मता (माणूस समाजाशी किती जोडलेला): कमी तर इगोइस्टिक, जास्त तर अल्ट्रुइस्टिक. नियमन (समाजाचा त्याच्यावर किती लगाम): कमी तर अनॉमिक, जास्त तर फॅटलिस्टिक. गाईडवाले हमखास अनॉमिक एकात्मतेच्या रेघेवर टाकतात.

आकडेमोड: 'प्रोटेस्टंटांत आत्महत्या जास्त, कॅथलिकांत कमी' या दुर्खीमच्या निष्कर्षावर थांबू नका. त्याचे जर्मनीतल्या बव्हेरिया-प्रशियाचे आकडे प्रांतांचे आहेत, माणसांचे नव्हेत. प्रोटेस्टंटबहुल प्रांतात दर जास्त असला, तरी तिथे जीव देणारे अल्पसंख्य कॅथलिकही असू शकतात. शिवाय संशोधक व्हॅन पॉपेल आणि डे (1996) यांनी नेदरलँड्सच्या नोंदी तपासल्या. कॅथलिकांचे बरेच मृत्यू 'आकस्मिक' किंवा 'कारण अस्पष्ट' या रकान्यांत गेले होते. ते धरले की फरक उरतच नाही.

वऱ्हाडी ठेचा: युरोप पुरे. आपल्याकडचं शेतकरी आत्महत्यांचं 'पात्र-अपात्र' घ्या ना. सरकारी मदतीला पात्र ठरायला सातबारा, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसावं लागतं. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसली, की ती नोंदीत शेतकरी ठरत नाही. आणि महसूल खात्याचे आकडे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) तक्त्याला जोडू नका, व्याख्याच वेगळ्या आहेत.

पानपान: विषय दुर्खीम आहे, सातबारा नाही. पेंग्विन घ्या.

मृद्गंध: पहिल्या भागातलं अनुकरणाचं प्रकरण?

पानपान: अनुकरणावर भर देणाऱ्या समाजशास्त्रज्ञ टार्दशी दुर्खीमचं जुनं भांडण. मार्क नाहीत त्याला.

जुनापुराणा: चाळ म्हटलं ना सगळ्यांनी.

मृद्गंध: सगळ्यांचे आभार. पुस्तक घेत नाहीये. लायब्ररीत 1951 चीच प्रत आहे, त्यातल्या अनुकरणाच्या एका प्रकरणाची झेरॉक्स काढणार. अनुकरणाने एखाददुसरी घटना घडेल, पण समाजाचा दर हलत नाही, असं दुर्खीम म्हणतो. उलट समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्सने 1974 मध्ये अमेरिकेचे 1947 ते 1968 चे आकडे घेऊन दाखवलं, की पेपरात पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी आली की पाठोपाठ दर वाढतो. सेमिनार यावरच.

जुनापुराणा: मग पैसे वाचले. ल्यूक्स घे.