वहीत नुसतं ‘क्यू.बी.’ लिहिलंय, त्याचं माप कसं काढायचं?

प्रश्न
इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या एका आजींच्या वहीत ताल्यातेल्लेची (अंड्यात भिजवलेल्या पिठाच्या लांब, चपट्या पट्ट्यांचा पास्ता) कृती एका ओळीत आहे: ‘अंडी ४, पीठ क्यू.बी.’ म्हणजे ‘क्वांतो बास्ता’, आपलं ‘लागेल तसं’. घरातल्या पुढच्या पिढीला जमेल अशी कृती लिहून काढायची आहे. वजनं लिहू की हाताच्या खुणा? शिवाय लाटताना पोळी कडेला चिरते आणि कापलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

प्रतिसाद १
दोन्ही लिहा. आजी कणिक भिजवायच्या आधी आणि नंतर पिठाचा डबा तोला, फरक म्हणजे त्यांचं क्यू.बी. अंडीही फोडून तोला. तिकडचा ढोबळ हिशेब एका अंड्याला १०० ग्रॅम पीठ, पण तो फोडलेलं अंडं ५५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर. आपल्याकडच्या अंड्यात ४५ ग्रॅमच निघालं तर मैदा ८०-८५ ग्रॅम पुरे. बोलोन्याच्या पद्धतीत पाणी, तेल, मीठ काही पडत नाही.

प्रतिसाद २
कड चिरते कारण कणिक कमी मळली गेली किंवा उघडी राहून वरून सुकली. १५ मिनिटं मळा, मग किमान अर्धा तास वाडगा पालथा घालून झाका. ओलं फडकं नको, वरचा थर चिकट होतो. लाकडी पाटावरच लाटा. लाकडामुळे पोळी किंचित खरखरीत होते आणि रागू (मांसाचा दाट सॉस) तिला धरून राहतो.

पट्ट्या चिकटतात कारण पोळी न सुकवताच घडी घातली. कापडावर १०-२० मिनिटं पसरा. पंख्याखाली याहून लवकर होते. बोटाला ओल लागू नये, पण दुमडल्यावर तडाही जाऊ नये, ती वेळ गाठायची. ही खूण वहीत नक्की लिहा, मिनिटं ऋतूप्रमाणे बदलतात. कापल्याबरोबर पट्ट्या मोकळ्या करा आणि बारीक रवा भुरभुरा. मैदा भुरभुरला तर उकळत्या पाण्यात त्याची खळ होते.

प्रतिसाद ३
रुंदीचं माप मात्र ठरलेलं आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी बोलोन्याच्या व्यापार मंडळात त्याची नोंद झाली: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. शिजून फुगते, म्हणून कच्ची ७च्या आत कापा. पण आजी ५ मिलिमीटरच्या कापत असतील तर वहीत ५च लिहा. त्या घराची ताल्यातेल्ले तीच. मूळ ओळ खोडू नका, वजनं शेजारी पेन्सिलीने लिहा.