मदत हवी आहे: शारदा मंडळाच्या प्रश्नमंजूषेसाठी थक्क करणारी माहिती, यातलं खरं किती?

सोयाबीन_पट्टा
राम राम मंडळी. गाव हिंगणघाट तालुक्यात. नवरात्रात शारदा मंडळातर्फे चार गावांच्या संघांची प्रश्नमंजूषा आहे, मारुतीच्या देवळासमोरच्या पटांगणात. मोबाईलवर फिरणारी माहिती गोळा केली आहे. उत्तरावरून भांडण झालं तर कार्यक्रम तिथंच संपतो, म्हणून आधी तपासून हवी.

१) भारत मोजणारा पहिला माणूस हिंगणघाटला पुरलेला आहे.
२) लोणार हे बेसॉल्ट खडकातलं जगातलं एकमेव विवर, वय ५२,००० वर्षं.
३) बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय लंडनला.
४) शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा.
५) चीनची भिंत चंद्रावरून दिसते.
६) पहिला भारतीय चित्रपट कोणता?

दुसरं म्हणजे बझर. बटण आधी कोणी दाबलं हे नक्की कळलं पाहिजे, आणि रात्री लाईन जाते.

जुना_नकाशा
भाऊ, पहिला प्रश्न तुमच्या गावाजवळचा, म्हणून तोच नीट बांधा. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले आणि तिथंच त्यांचं दफन झालं. पण "भारत मोजणारा पहिला माणूस" हे धरू नका. जमिनीची मोजणी त्यांच्या आधीही होत होती. १८०२ मध्ये मद्रासजवळून त्यांनी त्रिकोणांच्या साखळीनं मोजणी सुरू केली. त्या कामाला पुढं ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे म्हणू लागले आणि लॅम्बटननंतर ते जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं.

प्रश्न असा विचारा: "जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचं नाव आहे, त्या अधिकाऱ्याच्या आधी त्याच सर्वेक्षणाचा प्रमुख असलेला माणूस १८२३ मध्ये विदर्भातल्या कोणत्या गावी वारला?" उत्तर एकच निघतं, आणि ऐकणाऱ्यांना आपल्याच तालुक्याचं नाव ऐकून धक्का बसतो. नागपूरच्या झिरो माईल खांबाचा प्रश्न कोणी सुचवला तर "भारताचा मध्यबिंदू" असं विचारू नका. तिथली १९०७ ची खूण त्याच सर्वेक्षणाची, पण ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची आहे. मध्यबिंदूवर वाद होणारच.

दगडधोंडे
लोणारबद्दल दोन दुरुस्त्या. "एकमेव" हा शब्द काढा. ब्राझीलमध्ये वार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही उल्का आदळून झालेली विवरंही बेसॉल्टमधलीच आहेत. वय तर विचारूच नका. ५२,००० हा आकडा थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे नमुना तापवून निघणाऱ्या उजेडावरून वय काढण्याच्या पद्धतीचा. नंतर खडकातला आर्गॉन वायू मोजण्याच्या पद्धतीनं सुमारे ५,७०,००० वर्षं निघालं. दोन संघ दोन आकडे सांगतील आणि दोघांच्याही हातात छापील पुस्तक असेल. त्यापेक्षा विचारा, "जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी कशामुळे झालं?" उत्तर: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले होते. उत्तरपत्रिकेत "शेवाळ" चूक, "मीठप्रेमी सूक्ष्मजीव" बरोबर, हे आधीच लिहून ठेवा.

शुक्राचा प्रश्न शब्दांत फसतो. स्वतःभोवती एक फेरी सुमारे २४३ दिवसांची, सूर्याभोवती सुमारे २२५. पण एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तिथं सुमारे ११७ दिवसच लागतात, कारण तो उलट फिरतो. म्हणून "दिवस" म्हणू नका, "स्वतःभोवतीची एक फेरी" म्हणा.

चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. लांबी भरपूर असली तरी रुंदी काही मीटरच, आणि रंग आजूबाजूच्या मातीसारखा. चूक की बरोबर या फेरीत टाका.

शंख_चक्र
तिसऱ्याचं उत्तर कलकत्ता. ठशांचं कार्यालय तिथं १८९७ मध्ये झालं, लंडनच्या पोलिसांचं, म्हणजे स्कॉटलंड यार्डचं, १९०१ मध्ये. ठशांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीला बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांचं नाव असलं तरी तिचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या बंगाल पोलिसांतल्या दोघांचा मोठा वाटा होता. जलपाईगुडीच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात पंचांगावर उमटलेला अंगठा जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. तरी न्यायालयानं त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. हा भाग प्रश्नात आवर्जून घ्या.

एक फेरी प्रत्यक्ष करून दाखवता येते. बोटांवर चक्र कुठं आणि शंख कुठं हे आपल्याकडं लहान पोरांनाही पाहता येतं. उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५, डाव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ६ ते १०. चक्र असेल तरच गुण: बोट १ व २ ला १६, ३ व ४ ला ८, ५ व ६ ला ४, ७ व ८ ला २, ९ व १० ला १. सम बोटांची बेरीज अधिक १ वर लिहा, विषम बोटांची बेरीज अधिक १ खाली. फक्त उजव्या अंगठ्याला चक्र असेल तर १/१७, दहाही बोटांना असेल तर ३२/३२. वर ३२ आणि खाली ३२ शक्यता, म्हणून ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ कप्पे. कागदाच्या ढिगातून माणूस शोधायला हे कप्पे होते.

पडदा_आणि_पेटी
सहावा प्रश्न सोडून द्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लागला, पण 'श्री पुंडलिक' त्याआधी, १८ मे १९१२ ला. ते नाटकाचं चित्रीकरण, म्हणून कोणी धरतं, कोणी नाही. त्याऐवजी विचारा, "'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका कोणी केल्या?" अण्णा साळुंके. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामतीही त्यांचीच.

वायरमन_काका
बझर सोपा आहे. १२ व्होल्टचे चार रिले (विजेनं चालणारे स्विच) घ्या, प्रत्येकी चार चेंजओव्हर कॉन्टॅक्टचे, बेससकट. प्रत्येक संघाचं बटण बाकीच्या तीन रिलेंच्या एनसी (एरवी जोडलेल्या, रिले ओढला की तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टमधून ओळीनं नेऊन स्वतःच्या रिलेच्या कॉइलला (तारेच्या गुंडाळीला) जोडा. स्वतःचा एनओ (एरवी तुटलेला, रिले ओढला की जोडणारा) कॉन्टॅक्ट बटणाला समांतर लावा, म्हणजे बोट काढलं तरी रिले धरून राहतो. एक रिले ओढला की बाकी तिघांची वाट तुटते. सगळ्यांचा प्लस एका एनसी बटणातून न्या. ते बटण प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती, रिसेटसाठी. एलईडी दिवा आणि बारीक बझर कॉइलला समांतर. चारही कॉन्टॅक्ट यातच संपतात, मोठी घंटा यावर लटकवू नका; तिच्या झटक्यानं रिले सुटतो.

वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीची. प्लसवर १ अँपिअरचा फ्यूज, प्रत्येक कॉइलला उलटा डायोड (एकाच दिशेनं वीज सोडणारा भाग). डायोड सुलटा लागला तर बटण दाबताच फ्यूज उडेल.

सोयाबीन_पट्टा
काका, ताई, सगळ्यांचे आभार. ठशांची फेरी घेतोच. पण सध्या सवंगणी सुरू आहे, बोटं घासलेली. ठसे उमटतील का?

शंख_चक्र
उमटतील, पण शाई कमी ठेवा. स्टॅम्प पॅडवर बोट दाबू नका, टेकवा. जास्त शाईनं रेषांमधली जागा बुजते. आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मग नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवा, मागं-पुढं नाही, नाहीतर चक्र शंखासारखं दिसतं. फारच झिजलेलं बोट असेल तर शाई न लावता टॉर्च तिरपा धरून पाहा आणि तोंडी नोंद करा.